रोटा फिरला म्हणजे रान झाले?



जिल्ह्याच्या बैठकीत भावावर बोलून होते, कर्जावर बोलून होते, विजेवर बोलून होते. मग चहा येतो आणि खरी चर्चा तिथे सुरू होते. 'तुमच्याकडे रोट्याचा एकरी काय दर चाललाय?' 'एक पाळी मारली की दोन?' 'लहान ट्रॅक्टर घ्यावा म्हणतो, पण आपल्या काळ्या रानात ओढेल का?' चहा संपला की ही चर्चाही संपते आणि माणसे पुन्हा ठराव ऐकायला बसतात. या वेळी ती चहाची चर्चाच अग्रलेखाच्या जागी आणून ठेवली आहे. कापसाचा भाव दिल्लीत ठरतो, बियाण्याच्या पाकिटाची किंमतही दिल्लीतच ठरते. पेरणीआधी रानात किती डिझेल आणि किती पैसा ओतायचा, हे मात्र अजून तरी बांधावर ठरते. आणि नेमके तिथेच आपण आपल्या हाताने फसतो आहोत.

आधी बैलाविषयी. बैल गेला म्हणून गळा काढणारे पुष्कळ आहेत. त्यांच्यापैकी किती जणांच्या दावणीला जोडी आहे, हे विचारून पाहा. बैल बाराही महिने खातो. त्याला रोज पाणी दाखवावे लागते, सालदार ठेवावा लागतो, आणि सालदार आता मिळत नाही. पूर्वी म्हातारी जोडी बाजारात उभी केली की चार पैसे सुटत, त्यात भर घालून नवी जोडी दावणीला येई. २०१५ साली राज्यात बैलांच्या कत्तलीवरही बंदी आली आणि ही भांडवलाची साखळी तुटली. म्हातारा बैल मालमत्ता होता, तो ओझे झाला. शेतकऱ्याने मनात हिशेब केला आणि दावण रिकामी केली. त्याला दोष देण्याचा अधिकार कोणालाच नाही.

त्या रिकाम्या दावणीत आज पंधरा ते वीस अश्वशक्तीचा लहान ट्रॅक्टर उभा राहतो आहे. राजकोटकडच्या कारखान्यांतून, दक्षिणेतून आणि इतरही ठिकाणांहून ही यंत्रे आपल्याकडे आली. तीन-साडेतीन फुटांच्या पट्ट्यात चालतात, केळीच्या बागेत शिरतात, कपाशीच्या दोन ओळींत फिरतात, वजनाला हलकी असल्यामुळे रान फार दाबत नाहीत. आम्ही या यंत्राच्या बाजूचे आहोत. १९०३ साली बेळगावात लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर केला, तेव्हा लोखंडाने जमीन विषारी होते म्हणून लोक तो घेत नव्हते असे सांगतात. तसली भीती आम्हाला पसरवायची नाही. आमची तक्रार यंत्राविरुद्ध नाही. लहान ट्रॅक्टर घरी आला, त्याबरोबर रोटाव्हेटर आला, आणि नांगर, वखर, फळी, ओल, वाफसा हे सगळे शब्द एका शब्दात बुडाले: 'रोटा मारला'. तक्रार त्याची आहे.

काही वर्षांपूर्वीची आमच्याच दोन एकरांची गोष्ट. रोट्याच्या दोन पाळ्या मारल्या. रान असे झाले की चपला काढून चालावेसे वाटे. शेजारचे आबा बांधावर आले, वाकून मूठभर माती उचलली, फुंकर मारली, तर ती उडाली. म्हणाले, 'भाऊ, पीठ तर झकास दळलं. आता भाकर कशी होते ते पाहू.' कपाशी टोबली. मृगाचा पहिला पाऊस अर्धा तास बदाबदा कोसळला, मग तीन दिवस कडक ऊन. रानावर अशी पापडी धरली की वर बोट आपटले तर टक्‌ आवाज यावा. पापडीखाली कोंब वाकडे होऊन पिवळे पडले. बांधाच्या कडेच्या ज्या पट्ट्यात ट्रॅक्टर वळत नव्हता, तिथे नुसता वखर लागला होता. तिथली उगवण हिरवीगार. नांगे भरायला पुन्हा पाकिटे आणली, पुन्हा मजूर लावले. रोट्याच्या दुसऱ्या पाळीचे पैसे आम्ही स्वतःच्या खिशातून दिले होते, हे लक्षात आले तेव्हा आबांकडे पाहायचेही धाडस झाले नाही.

असे का झाले? आपली काळी माती चिकण आहे. खोल भारी रानात तर निम्म्याहून जास्त भाग चिकणमातीचाच. ही माती ओलीत फुगते, उन्हात आकसते, तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. बाहेरून आलेल्या माणसाला त्या भेगा पाहून जमीन मेली असे वाटते. खरे तर ती स्वतःला नांगरत असते. वरची माती भेगांत पडते, खालची वर येते, उन्हाने तापलेले ढेकूळ वळवाच्या एका सरीने आपोआप फुटते. जे काम सूर्य आणि पहिला पाऊस फुकट करतात, ते आपण डिझेल जाळून करतो. वर जास्तीचे करतो, कारण रोट्याची पाती मातीचे पीठ करतात आणि सूर्य मातीची खडी करतो. पिठावर जोराचा थेंब पडला की बारीक कण छिद्रांत बसतात, वरचे तोंड बंद होते, पाणी मुरण्याऐवजी वाहते. खडीवर पडलेला थेंब आत जातो. धुळे-शिंदखेड्याकडे मुळात पाऊसच बेताचा. तिथे पहिल्या सरीचे पाणी नाल्यात घालवणे म्हणजे आपणच लावलेला दंड आहे.

दुसरे नुकसान डोळ्यांना दिसत नाही. रोटा चार-पाच इंच जातो. दर वर्षी त्याच खोलीवर त्याची पाती फिरतात, आणि रान ओलसर असेल तर खालची माती गवंड्याच्या थापीसारखी घासून गुळगुळीत करतात. तीन-चार वर्षांत तिथे एक घट्ट थर बसतो. वर मऊ, खाली फरशी. पाऊस जास्त झाला की पाणी त्या फरशीवर साचून कपाशी पिवळी पडते, पावसाने ताण दिला की मूळ खाली जाऊ शकत नाही म्हणून तीच कपाशी आधी माना टाकते. मग आपण खत वाढवतो, फवारणी बदलतो, दुकानदाराला विचारतो. दुकानदाराकडे फरशीवरचे औषध नसते, पण तो काहीतरी देतोच.

तिसरे नुकसान मायबहिणींना विचारा. हरळी आणि कुंदा मुळासकट वर काढून उन्हात वाळवायचे असतात. त्यासाठीच आपले बापजादे खोल नांगरट करून रान तापायला सोडत. रोटा त्याच हरळीचे तुकडे करतो आणि रानभर पेरतो. एका हरळीच्या दहा होतात. रोट्याचे पैसे देताना घरधनी एकदाच कुरकुरतो. निंदणीला वाकून त्याची परतफेड करणारी पुढे दोन महिने वाकतच असते.

मग रोटा विकून टाकायचा का? नाही. कोणत्या बीला कसे रान लागते, हे आधी ठरवायचे आणि मग अवजार जोडायचे, एवढेच. गव्हाला बारीक आणि किंचित दबलेले रान लागते, तिथे रोट्याची एक हलकी पाळी शोभते. कांद्याच्या रोपाचा वाफा बारीकच हवा. केळी काढल्यावर खुंट आणि पाला कुजवायला मिसळायचा असेल तर रोट्यासारखे अवजार नाही. हरभऱ्याला मात्र ढेकळे चालतात, नव्हे, आवडतात. त्याच्या मुळांना हवा लागते. कपाशीचे बी मोठे, ताकदीचे. त्याला बीभोवतीच्या चार बोटांत भुसभुशीत माती आणि खाली मोकळा रस्ता मिळाला की पुरे. दोन ओळींमधल्या चार फुटांत सुपारीएवढी खडी राहिली तर त्याचे काय बिघडते? उलट ती खडी पाणी धरते आणि वाऱ्याने माती उडू देत नाही. रान पाहुण्यांना दाखवायला करायचे नाही, बीला झोपायला करायचे आहे.

लहान ट्रॅक्टरवाल्यांशी आता थोडे रोखठोक. एप्रिलमध्ये दगड झालेल्या काळ्या रानात हा ट्रॅक्टर पलटी नांगर ओढणार नाही. त्याचे वजनच तेवढे नाही, चाके जागेवर फिरतात, टायर जळते आणि मालक कंपनीला शिव्या देतो. खोल नांगरटीसाठी मोठा ट्रॅक्टर भाड्याने आणा, तोही दरसाल नव्हे, दोन-तीन वर्षांआड, आणि पीक निघाल्याबरोबर, खाली थोडी ओल असताना. फरदडीच्या लोभाने पऱ्हाट्या मार्चपर्यंत उभ्या ठेवल्या की ती ओल जाते आणि बोंडअळीचा पाहुणचारही होतो. साक्री-धुळ्याकडच्या उथळ मुरमाड रानात तर खोल नांगरटीचे नावच काढू नये, खालचा मुरूम वर येतो.

त्यानंतरची कामे लहान ट्रॅक्टरची. नांगरलेले रान तापू द्यावे. वळवाची सर पडली की वाफसा पाहावा आणि वखर घालावा. चार फुटी वखर लहान ट्रॅक्टरमागे सहज चालतो, दोन-तीन इंचांवरून गवत कापतो, ढेकूळ फोडतो आणि खालची ओल झाकून ठेवतो. आठ-दहा दिवसांनी गवत फुटले की पुन्हा एक पाळी. रान घट्ट असेल तर वखराच्या आधी पाच फणांचा कल्टिव्हेटर एकदा उभा-आडवा. लागवडीआधी बेड पाडायचे असतील तर त्याच वेळी पाडावेत. भारी काळ्या रानासाठी रुंद वरंबा आणि सरीची पद्धत हैदराबादजवळच्या पाटणचेरूला इक्रिसॅटने १९७० च्या दशकात बसवली. जास्तीचे पाणी सरीतून निघून जावे आणि वरंबा कोरडा पडू नये, एवढाच तिचा अर्थ. केळीवाल्यांना हे सांगायची गरज नाही, कपाशीवाल्यांनी आता त्यांच्या बांधावर जाऊन पाहावे.

वाफसा पाहण्याची रीत जुन्या माणसांना ठाऊक आहे, नव्या चालकांना नाही, म्हणून लिहितो. वरची माती पाहू नका. अवजार जेवढे खोल जाणार तेवढ्या खोलीवरून मूठभर माती घ्या, मुठीत दाबा आणि कमरेच्या उंचीवरून सोडा. गोळा पडून नुसता चेपला तर रान ओले आहे, घरी जा. गोळा झालाच नाही तर कोरडे आहे, डिझेल जास्त जाईल. गोळा पडून फुटला आणि खडी झाली, की काढा ट्रॅक्टर. काळ्या रानात ही वेळ एक-दोन दिवसच टिकते. सगळा खेळ त्या दोन दिवसांचा आहे.

आणि रोटा चालवायचाच असेल तर त्याच्या मागचा पत्रा वर बांधा. पत्रा खाली सोडला की ढेकूळ त्याच्यावर आपटून पुन्हा पात्यांत येते आणि त्याचे पीठ होते. ट्रॅक्टर जरा पुढच्या गिअरला घ्या, पाती सावकाश फिरू द्या. ट्रॅक्टर मुंगीसारखा आणि पाती भिंगरीसारखी, असे चालवले तर रान गुळगुळीत दिसते, मालक खूश होतो आणि पाऊस पडल्यावर रडतो.

इथे एक अडचण येते, आणि तीच आमच्या मते मुळाची आहे. ज्याच्या घरी ट्रॅक्टर नाही, म्हणजे आपल्यातले बहुतेक, त्यांना वाफशाचा दिवस निवडता येत नाही. ट्रॅक्टरवाला येईल तो दिवस. २०१७ च्या हंगामात गुलाबी बोंडअळीने कपाशी मोडली. त्यानंतर जूनच्या आधी लागवड नको असा आग्रह कृषी खात्याने धरला. अळीचा विचार केला तर तो योग्यच. पण त्यामुळे सगळा तालुका एकाच आठवड्यात ट्रॅक्टर मागतो. एकरी दर ठरवला की चालकाचे हित पळण्यात असते, अवजार उथळ आणि ट्रॅक्टर सुसाट. ताशी दर ठरवला की त्याचे हित रेंगाळण्यात. चालक वाईट नाही, त्यालाही हप्ते आहेत. सौदाच वाकडा आहे.

हिशेब मांडून पाहा. साडेतीन फुटी अवजाराने एक एकर रान पुरे करायला ट्रॅक्टर जवळजवळ पावणेचार किलोमीटर चालतो, पाच फुटी असेल तर अडीच किलोमीटरांहून थोडे जास्त. नऊ इंची तास काढणाऱ्या नांगरामागे तुमचा बाप एकरामागे साडेसतरा किलोमीटरांहून जास्त चालत होता, हेही पोराबाळांना सांगा. एका एकरातला सहा इंचांचा थर म्हणजे सुमारे साडेसातशे टन माती. एवढी माती हलवायची मजुरी आपण देतो, आणि ती कशी हलवायची हे मात्र ठरवून घेत नाही! बाजारात दोन किलो वांगी घेताना आपण चार वांगी उलटून पाहतो.

तेव्हा सौदा असा करा. एका शिवारातल्या लागून असलेल्या चार-पाच जणांनी मिळून ट्रॅक्टरवाल्याला पूर्ण दिवसाचे काम द्यावे. त्याचे इकडून तिकडे पळण्याचे डिझेल वाचते. त्या बदल्यात त्याने वाफशाच्या दिवशी यावे, किती इंच, कोणते अवजार, किती पाळ्या हे आधी ठरावे, आणि पहिला फेरा मारल्यावर बोट घालून खोली पाहूनच दुसरा फेरा सुरू व्हावा. वखर आणि बेड पाडायचे अवजार या गटाचे स्वतःचे असावे. रोट्याइतकी किंमत त्यांना पडत नाही, आणि ती आपल्या गावाजवळचा वेल्डिंगवाला ट्रकच्या कमानपाट्याची पास लावून करून देतो. पास बोथट झाली तर त्याच दुकानात धार लागते.

पण गंमत पाहा. सरकारी अनुदानासाठी अवजार मान्यताप्राप्त केंद्रात तपासलेले असावे लागते. वेल्डिंगवाल्याचा वखर त्या यादीत कसा येणार? मग अनुदान मिळते म्हणून माणूस रोटा घेतो, गरज वखराची असली तरी. सौराष्ट्रात अमरेली जिल्ह्यातल्या मनसुखभाई जगानींनी १९९४ साली, दुष्काळात बैल परवडेनासे झाले तेव्हा, बुलेट मोटारसायकलीच्या मागे दोन चाके आणि अवजार जोडून 'बुलेट सांती' केली. ती कोणत्या योजनेतून जन्मली नाही. शेतकऱ्याच्या अडचणीतून आणि गावच्या वर्कशॉपातून जन्मली. आपल्या वर्कशॉपांतही तेवढीच अक्कल आहे, तिच्या वाटेत उभे राहू नका एवढेच सरकारला सांगणे आहे.

अनुदानाची दुसरी बाजूही समजून घ्या. जुलै २०१७ पासून सप्टेंबर २०२५ पर्यंत ट्रॅक्टरवर आणि मशागतीच्या अवजारांवर १२ टक्के, आणि ट्रॅक्टरच्या टायरवर व सुट्या भागांवर १८ टक्के जीएसटी होता. व्यापारी आपल्या खरेदीवरचा कर विक्रीवरच्या करातून वळता करून घेतो. शेतकरी आपल्या विक्रीवर कर लावत नाही, म्हणून त्याला वळता करून घेता येत नाही. तो भरतो आणि विसरतो. लाखाच्या अवजारावर बारा हजार घ्यायचे आणि मग अर्ज करायला लावून, सोडतीच्या रांगेत उभे करून, त्यातलेच काही परत देताना फोटो काढायचा, असा हा उद्योग आठ वर्षे चालला. २२ सप्टेंबर २०२५ पासून हा दर ५ टक्के झाला, ते बरे झाले. पण डिझेल अजून जीएसटीच्या बाहेरच आहे. त्यावर केंद्राचे वेगळे, राज्याचे वेगळे. २०१८ साली डिझेलवर रस्ते आणि पायाभूत सुविधांचा उपकर लागला, २०२१ साली शेतीच्या पायाभूत सुविधांच्या नावाने आणखी एक. आमचा वखर रस्त्यावर चालत नाही हो! तो शेतात चालतो, तरी रस्त्याचा उपकर त्याच्या टाकीतून जातो.

आता शेवटचे काम, आणि ते दिल्लीच्या दारात उपयोगी पडणारे आहे. कापसाचा हमीभाव ठरवताना कृषिमूल्य आयोग जो उत्पादन खर्च धरतो, त्यात बैलाचे आणि यंत्राचे काम मोजलेले असते. महाराष्ट्रातली ती माहिती राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाकडून गोळा होते. २०२५-२६ साठी मध्यम धाग्याला ७,७१० आणि लांब धाग्याला ८,११० रुपये जाहीर झाले, आणि त्याच वर्षी १९ ऑगस्टपासून डिसेंबरअखेरपर्यंत आयात शुल्क उठवून बाहेरचा कापूस आत घेतला, हा विषय वेगळ्या अंकाचा. इथे एवढेच, की 'आमचा खर्च याहून जास्त आहे' असे आपण सभेत ओरडतो आणि साहेबाने 'किती?' असे विचारले की एकमेकांच्या तोंडाकडे पाहतो. घरचा ट्रॅक्टर असेल तर त्याचे तास कोणी लिहीत नाही. पोरगा रात्री बारापर्यंत चालवतो, त्याची मजुरी कोणी लिहीत नाही. वाया गेलेली पाळी तर लाजेने कोणी बोलतही नाही.

म्हणून या हंगामाला प्रत्येक गावातून निदान पाच जणांनी एक साधी शंभरपानी वही घालावी. तारीख, गट, रान ओले की वाफशावर, कोणते अवजार, किती पाळ्या, किती तास, किती लिटर, किती रुपये. त्यापुढे एक रिकामा रकाना सोडावा, त्यात नंतर उगवण कशी झाली आणि नांगे किती भरले ते लिहावे. घरात शिकणारी मुलगी असेल तर वही तिच्याकडे द्या, ती खाडाखोड करत नाही. या वह्या घेऊन जळगावच्या आणि धुळ्याच्या पुढच्या बैठकीला या. बेरजा तिथे एकत्र बसून करू.

आणि येताना परसातल्या पऱ्हाट्यांच्या ढिगातून दोन मुळे पिशवीत घालून आणा, एक सतत रोटा मारलेल्या रानातले, एक वखरावर ठेवलेल्या रानातले. सोटमूळ सरळ खाली गेले आहे की चार-पाच इंचांवर काटकोनात वळले आहे, हे चहाच्या टेबलावर दोन्ही शेजारी ठेवून पाहू.